मदत हवी आहे: विरळ वस्तीचा दीर्घकालीन खर्च कसा मांडायचा?

शहराबाहेर ऐसपैस प्लॉट पाडून वसवलेल्या वस्त्या पालिकेला पुढे किती महागात पडतात, याचा हिशोब मांडतेय. रस्ते, जलवाहिन्या, गटारं सुरुवातीला बिल्डर बांधून देतो, म्हणून सगळं फुकटात मिळाल्यासारखं वाटतं. खरा फटका काही दशकांनी बसतो, सगळं एकदम बदलायची वेळ येते तेव्हा. प्लॉटची दर्शनी (रस्त्याकडची) रुंदी १० मीटरऐवजी ३० मीटर असली की घरामागे पाइप आणि डांबर जवळपास तिप्पट लागतं; कर काही तेवढा वाढत नाही. कचरागाडीचं डिझेल वेगळंच.

अडतंय ते इथे: कर आणि देखभालखर्चाची तुलना दर घरामागे करावी की दर हेक्टरी? ताळेबंदात घसारा (रस्ते-पाइपांची वर्षागणिक झीज, पैशांत मांडलेली) दिसतो, पण तेवढे पैसे बाजूला काढलेले असतातच असं नाही. मग ही तूट दाखवायची कुठे? कुणी असा हिशोब प्रत्यक्ष केला असेल तर प्लीज सांगा.