गावात आकाशदर्शन सुरू करायचंय : दुर्बीण कोणती घ्यावी, सुरुवात कशी करावी?

सड्यावरची

नमस्कार मंडळी. मी देवगड तालुक्यातल्या एका लहान गावात प्राथमिक शाळेत शिकवते. परवा चौथीला सूर्यमाला शिकवत होते. एका मुलानं विचारलं, "बाई, गुरू खंय आसा?" मी फळ्यावरच्या चित्रात दाखवला. तो म्हणाला, "तसो न्हय, खरो." मला सांगता आलं नाही. त्या रात्री सड्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या कातळाच्या माळावर, जाऊन बराच वेळ उभी राहिले. वर तारे खच्चून भरले होते आणि मला त्यातले चारसुद्धा नावानं ओळखता येईनात. तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही.

शाळेतले आम्ही दोघं शिक्षक आणि काही ग्रामस्थ मिळून अठरा-वीस हजार जमतील. येत्या २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन आहे, त्याच्या आसपास पहिला कार्यक्रम करावा असा विचार आहे. एवढ्या पैशांत दुर्बीण कोणती घ्यावी? आणि जगभर लोकांना आकाश दाखवण्याचे जे उपक्रम चालतात, त्यात आमच्यासारख्या तीस पटाच्या शाळेला भाग घेता येतो का, की ते मोठ्या संस्थांसाठीच असतात?

दोन_भिंगं

आधी दुर्बीण घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. मी स्वतः पोळलोय. पाच वर्षांपूर्वी ऑनलाइन एक दुर्बीण मागवली, खोक्यावर मोठ्या अक्षरात '५२५ पट' छापलेलं होतं. भिंग ६० मिलिमीटरचं. भिंगाच्या मिलिमीटरच्या दुप्पट, म्हणजे फार तर १२० पटींपर्यंत प्रतिमेत काही अर्थ राहतो, त्यापुढे नुसता धूसर गोळा मोठा होत जातो, हे मला नंतर कळलं. त्याहून वाईट म्हणजे तिपाई. बोट लावलं की चंद्र दृश्याबाहेर. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती, रांगेत उभं राहून तिला दोनदा काहीच दिसलं नाही आणि ती झोपायला निघून गेली. तो दिवस मी विसरलेलो नाही.

१०×५० ची, म्हणजे दहा पट दाखवणारी आणि ५० मिलिमीटर भिंगांची, चांगली द्विनेत्री (दोन्ही डोळ्यांनी बघायची, बायनॉक्युलर) घ्या, जमल्यास दोन. भिंतीला किंवा माडाला टेकून धरली की गुरूचे चारही मोठे चंद्र ठिपक्यांसारखे दिसतात. कृत्तिकांचा पुंजका, मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ, चंद्रावरची विवरं, सगळं दिसतं. उरलेले पैसे राखून ठेवा. वर्षभर आकाश ओळखीचं झालं की दुर्बीण कोणती हवी ते तुमचं तुम्हालाच कळेल.

मुलाच्या प्रश्नासाठी मोबाइलवर किंवा संगणकावर स्टेलॅरियम टाका. गाव आणि वेळ भरली की खरा गुरू कुठे आहे ते दाखवतं. संगणकावर तर फुकट आहे.

खाडीपलीकडे

बाई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण मी त्याच वाटेनं आलोय.

२००९ साली मी कॉलेजात होतो. गॅलिलिओनं दुर्बीण आकाशाकडे वळवली त्याला त्या वर्षी ४०० वर्षं झाली होती, म्हणून आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ, म्हणजे आयएयू, आणि युनेस्को यांनी मिळून ते आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र वर्ष म्हणून साजरं केलं. १४८ देश त्यात उतरले. कल्पना साधी होती : ज्याच्याकडे दुर्बीण आहे त्यानं ती घेऊन लोकांत जायचं. २ ते ५ एप्रिलला तर सलग शंभर तास जगात कुठे ना कुठे कुणीतरी कुणाला तरी आकाश दाखवत होतं. आमच्याकडे एका हौशी मंडळींच्या गटानं बंदरावर मासळीबाजाराच्या मोकळ्या जागेत दुर्बीण मांडली. मी शनी पाहिला. त्या वर्षी शनीची कडी जवळजवळ कडेनं आपल्याकडे होती, त्यामुळे पुस्तकातल्यासारखी पसरट दिसलीच नाही. सुपारीतून आरपार काडी घातल्यासारखं काहीतरी दिसलं. माझ्यामागे एक कोळीण डोक्यावर टोपली घेऊनच उभी होती. तिनं टोपली खाली ठेवली, डोळा लावला, आणि तिथून हलेनाच. रांगेतले लोक ओरडायला लागले तेव्हा म्हणाली, "थांबा रे, तो चाललाय." दृश्यातून शनी हळूहळू सरकत होता, म्हणजे पृथ्वी फिरताना तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. तेवढ्या दोन मिनिटांसाठी मी आजही आकाशदर्शनाला जातो.

त्याच वर्षी शाळांसाठी गॅलिलिओस्कोप नावाची दुर्बीण निघाली. ५० मिलिमीटरचं भिंग, मुलांनी स्वतः जोडायची, २५ पट मोठं दाखवणारी. गॅलिलिओच्या मूळ दुर्बिणीपेक्षा ती कितीतरी चांगली.

आता भाग कशात घेता येईल ते सांगतो. पहिलं, ग्लोब ॲट नाइट. तुमच्यासाठी सगळ्यात योग्य, कारण पैसा लागत नाही आणि दुर्बीणही लागत नाही. २००६ पासून चालू आहे. ठरलेल्या तारखांना, चंद्र नसताना, सूर्यास्तानंतर तासाभरानं एक तारकासमूह बघायचा. तुमच्याकडच्या आकाशात त्यातले किती बारीक तारे दिसतात ते त्यांच्या चित्रांशी ताडून बघायचं आणि गावाच्या अक्षांश-रेखांशासह कळवायचं. हिवाळ्यात बहुधा मृगच असतो. आकाश उजेडानं किती पुसलं जातंय याची जगभरची नोंद त्यातून होते. तुमच्या शाळेची नोंद तिथे तितकीच मोलाची आहे जितकी पॅरिसच्या वेधशाळेची. किंबहुना जास्त, कारण कोकणातल्या खेड्यांतून नोंदी थोड्या.

दुसरं, एप्रिल महिना. अ‍ॅस्ट्रॉनॉमर्स विदाउट बॉर्डर्स ही संस्था तो जागतिक खगोलशास्त्र महिना म्हणून साजरा करते. तिसरं, सप्टेंबर-ऑक्टोबरात नासाची चंद्र पाहण्याची रात्र असते, ती २०१० पासून चालू आहे. पण त्या वेळी आपल्याकडे ढग असायचे, तेव्हा त्यावर फार भिस्त ठेवू नका. ऑक्टोबरच्या ४ ते १० तारखांना जागतिक अंतराळ सप्ताह असतो. ४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुटनिक उडालं आणि १० ऑक्टोबर १९६७ ला अंतराळ करार लागू झाला, त्या दोन तारखा धरून तो आठवडा ठरवलाय. तो वर्गात करता येतो, त्यामुळे पावसाची भीती नाही.

आणि आयएयूनं लोकांपर्यंत पोचण्यासाठी एक वेगळं कार्यालयच जपानमध्ये चालवलंय. २०१९ मध्ये संघाला शंभर वर्षं झाली तेव्हा त्यांनी प्रत्येक देशाला एकेक तारा आणि त्याचा ग्रह नाव द्यायला दिला होता. भारतानं ताऱ्याला 'बिभा' नाव दिलं, भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून, आणि ग्रहाला 'संतमस'. तुमच्या वर्गातल्या मुलींना हे जरूर सांगा.

ओहोटी

सहलीसाठी विजयदुर्ग विसरू नका, तुमच्या तालुक्यातच आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात किल्ल्यावरच्या 'साहेबाच्या कट्ट्यां'वरून नॉर्मन लॉकियर यांनी हेलियम शोधला. दर वर्षी १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो.

दोन_भिंगं

ओहोटी, विजयदुर्गला नक्की न्यावं, त्या दिवशी खग्रास छाया तिथून गेली होती. पण मुलांना सांगताना एक दुरुस्ती करू या. लॉकियर त्या ग्रहणाला भारतात नव्हते. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन यांनी ते ग्रहण गुंटूरहून पाहिलं. लॉकियर यांनी २० ऑक्टोबर १८६८ ला इंग्लंडमध्ये, ग्रहण नसतानाच, उजेडाचे रंग वेगळे करून दाखवणाऱ्या वर्णपटदर्शकातून सूर्याच्या कडेचा उजेड तपासला आणि त्यात एक पिवळी रेघ पाहिली. पृथ्वीवरच्या कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याशी ती जुळेना, म्हणून सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम. पृथ्वीवर तो सापडायला १८९५ उजाडलं, रॅम्से यांच्या प्रयोगशाळेत. कट्ट्यावर बसून हीच गोष्ट सांगितली तर मुलं जास्त रमतील असं मला वाटतं : जी वस्तू आधी सूर्यावर सापडली आणि सत्तावीस वर्षांनी घरी.

ओहोटी

लहानपणापासून तसंच ऐकत आलो होतो. धन्यवाद, यापुढे नीट सांगेन.

मुंबईचा_चाकरमानी

दुर्बिणीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. पहिल्या वर्षी द्विनेत्री ठीक, पण पुढे सहा इंची आरशाची डॉब्सोनियन मनात धरा. जॉन डॉब्सन हे सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत तेवीस वर्षं संन्यासी होते. जहाजांच्या खिडक्यांच्या जाड काचा घासून ते आरसे करत आणि प्लायवुडच्या पेटीवर दुर्बीण बसवून रस्त्यावरच्या माणसाला हाक मारत, या, बघा. १९६८ साली त्यांच्याभोवती फुटपाथवरच्या खगोलप्रेमींचा गट उभा राहिला आणि त्या पेटीचा नमुना जगभर गेला. आरसा विकत घ्यावा लागेल. पण पेटी? सावंतवाडीत लाकडी खेळणी करणाऱ्यांचा हात बघितलाय ना? प्लाय, टेफ्लॉनचे चार तुकडे आणि नीट माप दिलं की आपला कुठलाही सुतार ती करून देईल. गावातल्या सुतारानं केलेली दुर्बीण गाव जपतं.

आणि मे महिना सोडू नका! आम्ही सगळे तेव्हा गावी असतो. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. देवगडला ५-६ मेच्या आसपास, दुपारी साडेबाराच्या सुमारास. अंगणात पाण्याच्या पायपाचा तुकडा उभा करा, सावली त्याच्या पोटात शिरते आणि बाहेर काही उरत नाही. रत्नागिरीत तो दिवस दोन-तीन दिवस उशिरा, अलिबागला आणखी आठवड्याभरानं. तिन्ही ठिकाणी नातेवाईक असतील तर फोनवरून ताडून बघा, पृथ्वीचा गोलवा हाताला लागतो. दुसरा शून्यछाया दिवस ऑगस्टात येतो, तेव्हा कोकणात पाऊस.

सड्यावरची

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी. द्विनेत्रीचं पक्कं केलं. आता अडचण वेगळीच आहे. मी पालकांना म्हटलं, अमावास्येला करू, तारे छान दिसतील. सगळे गप्प. मग एक आजी म्हणाल्या, अवसेच्या रात्री पोरांना सड्यावर कोण पाठवील? मुलींच्या आयांचाही रात्रीला विरोध आहे. काय करावं?

रात्रीचा_राखणदार

आजींशी वाद घालू नका. पहिला कार्यक्रम अमावास्येला करायचाच नसतो. शुद्ध पंचमी ते अष्टमीच्या दरम्यान घ्या, संध्याकाळी सातला सुरू आणि नऊला संपवा. अर्ध्या चंद्रावर उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात, द्विनेत्रीतूनही माणूस "अगो बाय" म्हणतोच. आयांना मुलांच्या आधी दाखवा. एकदा आईनं पाहिलं की पुढची अमावास्या तीच ठरवते. हा माझा अनुभव आहे.

जागा शाळेचं मैदान ठेवा. सडा सुंदर, पण कातळावर फुरसं असतात, आणि अंधारात मुलं अनवाणी पळतात. सड्यावर गेलातच तर बूट आणि बॅटरी सक्तीची. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीन कागद दोन पदरी लावा, डोळे दिपत नाहीत. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं लागतात, एक मोबाइल उघडला की ती मेहनत वाया.

खारा वारा हा भिंगाचा वैरी. कार्यक्रम झाला की काच पुसायची नाही, आधी फुंकणीनं धूळ आणि मीठ उडवायचं. नंतर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवायचं. पावसाळ्यात कपाटात उघडी ठेवलेली माझी पहिली द्विनेत्री बुरशीनं गेली, आत जाळं धरलं होतं.

आणि दक्षिणेकडे बघायला विसरू नका, ते आपलं वैभव आहे. पुण्या-नागपूरपेक्षा आपल्याला दक्षिणेचं आकाश थोडं अधिक मिळतं. फेब्रुवारीत नवाच्या सुमारास अगस्त्य दक्षिणेला चांगला वीस अंश वर असतो. एप्रिलमध्ये रात्री अकराला त्रिशंकू हा क्रुसासारखा तारकासमूह उभा दिसतो. युरोपातला माणूस हे बघायला विमानानं जातो.

एक गोष्ट सांगतो, ती नक्की वापरा. आमच्या वाडीत मी एका म्हाताऱ्या आजोबांना मृग दाखवला. ते म्हणाले, "मिरग वर दिसता? माका वाटला, तो फक्त पावसाबरोबर येता." आयुष्यभर मिरगाची राखण दिलेला माणूस. मग मी सांगितलं, जूनमध्ये सूर्य त्या ताऱ्यांच्या पुढ्यात असतो, म्हणून तेव्हा ते दिवसा उगवतात आणि दिसत नाहीत. सहा महिन्यांनी सूर्य पलीकडे गेला की तोच मिरग रात्री दिसतो. ते बराच वेळ वर बघत राहिले. मग त्यांनीच मला विचारलं, "आणि आर्द्रा खंयची?" मी मृगाच्या खांद्यावरचा तांबूस तारा दाखवला.

खाडीपलीकडे

आणखी एक, उजेडाबद्दल. वेळासला कासवांची पिल्लं वाळूतून निघाली की जिकडे क्षितिज उजळ तिकडे धावतात. किनाऱ्यावर दिवे असले की समुद्र सोडून उलट्या दिशेला जातात. आकाश वाचवणं आणि कासव वाचवणं हे एकच काम आहे, गावकऱ्यांना ते पटकन कळतं. आपल्या राज्यातल्या पेंचला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार राखलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली. जंगलाला मिळते तर किनाऱ्याला का नको?

सड्यावरची

काल रात्री प्रयोग म्हणून सातवीची सहा मुलं आणि तीन आया घेऊन मैदानावर ग्लोब ॲट नाइटची नोंद केली. स्टेलॅरियमवर आधी बघून गेले होते, त्यामुळे चौथीतल्या त्या पोराला, तो भावाबरोबर आलाच होता, खरा गुरू दाखवता आला. मृगाचे तारे मोजताना एका मुलीनं सांगितलं, "बाई, देवळाकडच्या बाजूला कमी दिसतत." देवळाच्या आवारातला मोठा हॅलोजन रात्रभर जळतो, तो थेट मैदानावर येतो. नोंद आम्ही दोन वेळा केली, एकदा त्या उजेडात आणि एकदा शाळेच्या मागे. आकडे वेगळे आले.

आज सकाळी ती मुलगी दोन्ही कागद घेऊन स्वतःच गुरवांकडे गेली. मी मागे उभी होते. त्यांनी दोन्ही चित्रं शेजारी धरून बघितली आणि विचारलं, "सप्तमीक किती वाजता बंद करू?"