उत्तर: डेन्मार्कची पवनऊर्जा
डेन्मार्कमध्ये पवनऊर्जा वाढली ती तिथल्या जोरदार वाऱ्यामुळे, असं आपल्या चर्चेत कुणीतरी म्हटलं; मला हे मत अपुरं वाटतं. वारा तर आधीही होताच! १९७३च्या तेलसंकटाने आयात तेलावर जगणाऱ्या या देशाला हादरवलं, आणि १९८५ मध्ये संसदेने अणुऊर्जेचा पर्याय बाजूला ठेवला. म्हणून वाऱ्याकडे लक्ष वळलं. १९९१ मध्ये डेन्मार्कमधल्या विंडेबी गावाजवळ जगातला पहिला सागरी पवनप्रकल्प उभा राहिला. ११ पवनचक्क्या, एकूण क्षमता जेमतेम ५ मेगावॅट.

पण मला सर्वांत मोलाची वाटते ती लोकांची मालकी. कोपनहेगनसमोरच्या समुद्रात २००० साली उभ्या राहिलेल्या मिडलग्रुंडेन या पवनप्रकल्पाच्या २० पवनचक्क्यांपैकी निम्म्या सहकारी संस्थेच्या होत्या, सभासद ८,०००हून अधिक. स्वतःची भागीदारी असली की पवनचक्कीला होणारा विरोध बराच मावळतो. आपल्या चर्चेत हा मुद्दा यायलाच हवा.