मदत हवी आहे: गाईचं चौथं पोट सरकलंय का?

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरजवळ राऊला राहतो. आमची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय विऊन 16 दिवस झाले. चार दिवसांपासून पेंडीला तोंड लावत नाही, भुसा मात्र थोडा खाते. दूध 14 लिटरवरून 6 वर आलं, ताप नाही. किटोसिस (विल्यानंतर रक्तातली साखर कमी होण्याचा आजार) समजून ग्लुकोज दिलं. एक दिवस बरी होती, पुन्हा तेच. काल डॉक्टरांनी डाव्या शेवटच्या बरगड्यांवर स्टेथोस्कोप ठेवून टिचकी मारली, तर पितळी हंड्यासारखा टणटण आवाज! मीही ऐकला. उजवीकडे काहीच नाही. म्हणून चौथं पोट डावीकडे सरकल्याची शंका आहे. पण पहिल्या पोटातल्या वायूचाही असा आवाज येतो म्हणे, मग फरक कसा ओळखायचा? गाय लोळवून पोट जागेवर आणलं तरी ते पुन्हा सरकतं असं ऐकलंय. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात कुणी पोट जागेवर बसवायची शस्त्रक्रिया करून घेतली आहे का? लवकर सांगा, फार घोर लागलाय.