होस्टिंगवाल्यावर भरवसा नाही, व्हीपीएसवरचा डाटा त्याच्यापासून कसा लपवायचा?

अर्धवट_अ‍ॅडमिन

मंडळी, एक व्हीपीएस, म्हणजे होस्टिंग कंपनीच्या मशीनवरचा आभासी सर्व्हर, भाड्याने घेतलाय, त्यावर तीन-चार क्लायंटचे हिशेब आणि स्कॅन केलेली कागदपत्रं आहेत. डिस्क भरत आली म्हणून सपोर्टला तिकीट टाकलं, विचारलं एवढंच की प्लॅन वाढवताना सर्व्हर बंद ठेवावा लागेल का. तर उत्तर आलं की तुमच्या बॅकअपमधली 'जुने_हिशेब_अंतिम_२' ही फाइल फार मोठी आहे, ती उडवलीत तर प्लॅन वाढवायची गरजच नाही!

पासवर्ड मी कुणाला दिलेला नाही, दुरून लॉगिन करायची एसएसएच की फक्त माझ्या लॅपटॉपवर आहे. बिचारा मदतच करत होता, पण वाचून पोटात गोळा आला. आता अख्खी डिस्क लक्सने (लिनक्सचं डिस्क कुलूपबंद करायचं टूल) एन्क्रिप्ट करावी म्हणतो. तेवढ्याने भागेल का? दुसऱ्याकडे हलवलं तरी तो धुतल्या तांदळासारखाच असेल कशावरून.

कर्नल_पॅनिक

लक्स कराच, पण ते कशासाठी आहे ते आधी समजून घ्या. डिस्क चोरीला गेली, खराब म्हणून भंगारात गेली, बंद सर्व्हरची इमेज कुणी कॉपी केली, अशा वेळी लक्स कामाचं. सर्व्हर चालू असताना मात्र किल्ली रॅममध्ये असते आणि रॅम त्यांची आहे. केव्हीएमवर, म्हणजे पूर्ण आभासी मशीनवर, असाल तर तुमचा अख्खा सर्व्हर म्हणजे त्यांच्या मशीनवरची एक प्रोसेस, बाहेरून एक कमांड मारली की सगळी मेमरी फाइलमध्ये उतरते, तुमचा सर्व्हर रीस्टार्टही होत नाही आणि तुमच्या लॉगमध्ये एक ओळ पण येत नाही. त्या डंपमधून लक्सची किल्ली हुडकून काढणारी टूल्स फुकट मिळतात.

दुसरं म्हणजे बूट होताना पासफ्रेज कुठे टाकणार? त्यांच्या वेब कन्सोलवर टाकलात तर तो त्यांच्याच हातून जातो. ड्रॉपबेअर हा छोटा एसएसएच सर्व्हर बसवून एसएसएचने अनलॉक करणं बरं, पण बूट पार्टिशन उघडंच राहतं, त्यातलं इनिट-रॅम-एफएस (बूट होताना सगळ्यात आधी चालणारी छोटी सिस्टिम) बदलून ठेवलं की पुढच्या बूटला तुमचा पासफ्रेज अलगद त्यांच्या हातात. एवढा खटाटोप कोण करतंय म्हणा, पण प्रश्न 'भरवसा नाही' असा आहे म्हणून सांगितलं.

बरं, तुमच्या केसमध्ये त्याने काहीही हॅक केलेलं नसणार. कंटेनरवालं व्हीपीएस (वेगळं आभासी मशीन नाही, त्यांच्याच लिनक्समधला एक कप्पा) असेल, ओपनव्हीझेड किंवा एलएक्ससी, तर तुमच्या फाइली त्यांच्या मशीनवर साध्या फोल्डरसारख्या दिसतात. केव्हीएम असेल तर क्यूईएमयू गेस्ट एजंट, म्हणजे होस्टचे हुकूम तुमच्या सर्व्हरच्या आत पाळणारा छोटा प्रोग्राम, चालू आहे का बघा, त्यांच्या तयार इमेजमध्ये तो बऱ्याचदा आधीच घातलेला असतो. त्याच्यातून बाहेर बसून रूटचा (मुख्य अ‍ॅडमिन खात्याचा) पासवर्ड बदलता येतो, फाइल वाचता येते, आत कमांडसुद्धा चालवता येते, काही डिस्ट्रो (लिनक्सचे प्रकार) यातलं थोडंफार बंद ठेवतात पण त्यावर विसंबू नका. आणि कोणकोणत्या एसएसएच कीजना आत सोडायचं ते जिच्यात लिहिलेलं असतं ती ऑथोराइज्ड कीज ही फाइल उघडून ओळी मोजा. एकच की तुमची असेल तर ओळही एकच पाहिजे.

अर्धवट_अ‍ॅडमिन

केव्हीएमच आहे. एजंट चालू सापडला 😬 कीजच्या फाइलमध्ये दोन ओळी आहेत, दुसरीच्या शेवटी 'सपोर्ट' असं लिहिलंय. मी आजवर ती फाइल उघडून बघितलीच नव्हती.

बिनकामाचा_बॅश

ही ओळ उडवाल, उद्या लक्स बसवाल, पण जे आजवर उघडं पडलंय ते पडलंय हे धरूनच चाला. त्यांच्याकडचे जुने स्नॅपशॉट (डिस्कच्या त्या त्या वेळच्या प्रती) तुमच्या लक्सने एन्क्रिप्ट होत नाहीत. डेटाबेसचे पासवर्ड, एपीआय कीज, टीएलएसची (वेबसाइटच्या एचटीटीपीएसची) प्रायव्हेट की, सगळं नवीन करा. स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली की डिस्कवर उतरतो तो भाग, तोही एन्क्रिप्ट करायला विसरू नका.

माझं स्पष्ट मत, जे त्यांनी वाचू नये असं वाटतं ते वाचता येईल अशा रूपात तिथे पाठवूच नका, बाकी सगळी मलमपट्टी. बॅकअप असेल तर रेस्टिक किंवा बोर्ग ही बॅकअपची टूल्स वापरा, एन्क्रिप्शन तुमच्या मशीनवर होतं आणि त्यांच्या डिस्कवर नुसती रद्दी पोचते. किती जागा लागली आणि कोणत्या वेळी काही आलं एवढंच त्यांना कळतं. त्याचा पासवर्ड मात्र दोन ठिकाणी लिहून ठेवा, मी एकदा लॅपटॉप फॉरमॅट केला आणि पासवर्ड त्याच लॅपटॉपवर, त्या दिवसापासून माझा बॅकअप माझ्यापासूनसुद्धा सुरक्षित आहे.

स्कॅन केलेली कागदपत्रं जर क्लायंट वेबसाइटवरून अपलोड करत असतील तर त्याला एक छान युक्ती आहे. एज नावाचं टूल घ्या, जीपीजी या जुन्या एन्क्रिप्शन टूलपेक्षा फार सुटसुटीत आहे. सर्व्हरवर फक्त पब्लिक की (जिने फाइल बंद करता येते, उघडता येत नाही) ठेवा, फाइल आली की रॅममध्येच त्या कीने बंद करायची आणि मगच डिस्कवर लिहायची, प्रायव्हेट की घरी. म्हणजे सर्व्हर फाइल आत घेऊ शकतो पण स्वतः परत उघडू शकत नाही. फाइल येते त्या क्षणी कुणी मेमरीत डोकावत असेल तर ती एक दिसेल, पण मागच्या पाच वर्षांचा ढीग त्याच्या हाती लागत नाही. फरक मोठा आहे.

आणि एन्क्रिप्शनने डाटा वाचण्यापासून वाचतो, उडण्यापासून नाही. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डाटा सेंटरला आग लागून एक इमारत पूर्ण गेली, ज्यांचा बॅकअप पण त्याच आवारात होता ते बसले हात चोळत. तिथे कुणाची नियत वाईट नव्हती, तरी डाटा गेला तो गेलाच. दुसरी प्रत दुसऱ्या कंपनीकडे.

अर्धवट_अ‍ॅडमिन

कागदपत्रांचं पटलं. पण हिशेबाचं काय? त्यात सर्च लागतो, बेरजा लागतात, एन्क्रिप्ट करून ठेवलं तर अ‍ॅप चालणार कसं?

कर्नल_पॅनिक

नाही चालणार. एन्क्रिप्ट केलेल्यावरच गणित करायचं होमोमॉर्फिक एन्क्रिप्शन २००९ मध्ये क्रेग जेंट्रीने करून दाखवलं, पण तुमच्या खतावणीसाठी ते अजून फार जड आहे.

मधला मार्ग म्हणजे कॉन्फिडेन्शियल व्हीएम (व्हीएम म्हणजे आभासी मशीन). एएमडीचं एसईव्ही-एसएनपी २०२१ च्या एपिक चिपपासून आहे, इंटेलचं टीडीएक्स २०२३ च्या झिऑनपासून. यात प्रोसेसर स्वतःच रॅम एन्क्रिप्ट करतो, म्हणजे होस्टने डंप काढला तरी हाती कचरा. पण रिमोट अटेस्टेशन, म्हणजे चिपने सही करून दिलेला दाखला, तो तुम्ही स्वतः तपासून मगच किल्ली सर्व्हरला द्यायची. दाखला न तपासता नुसता प्लॅन घेतलात तर तुम्ही फक्त त्यांच्या जाहिरातीवर विश्वास ठेवलात. आणि मशीनला हात लावू शकणाऱ्यापुढे हेही अभेद्य नाही, २०२४ च्या शेवटी बॅडरॅम नावाच्या हल्ल्यात संशोधकांनी मेमरी मॉड्यूलवरच्या छोट्या चिपमध्ये खोटी साइज लिहून एसएनपीला चकवलं होतं, एएमडीने मग फर्मवेअर अपडेट दिला.

हिशेब बघणारे तुम्ही एकटेच असाल तर तो डेटाबेस तिथून काढा आणि घरच्या मशीनवर चालवा, वायरगार्ड या व्हीपीएनने कुठूनही जोडता येतं. सर्वात कंटाळवाणा उपाय आहे आणि सर्वात पक्का.

पॅकेट_पाहुणा

सगळे डिस्क आणि रॅमवर बोलताय, वायर राहिलीच की. तुमचं ट्रॅफिक त्यांच्याच स्विचमधून जातं, त्यामुळे तिथे बसलेला माणूस तुमच्या डोमेनचं खरंखुरं सर्टिफिकेट (ब्राउझर ज्यावरून साइट ओळखतो तो दाखला) काढू शकतो. सर्टिफिकेट देणारा तपासतो काय तर या आयपीवर उत्तर येतं का, आणि ते उत्तर तो मध्येच देऊ शकतो. २०२३ मध्ये जॅबर डॉट आरयू या रशियन चॅट सेवेबाबत हेच झालं, जर्मनीत हेट्झनर आणि लिनोड या होस्टिंग कंपन्यांकडे असलेल्या त्यांच्या सर्व्हरचं ट्रॅफिक मध्ये कुणीतरी लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची वेगळी सर्टिफिकेटं लावून उघडत होतं. सापडलं कसं, तर त्या मधल्या माणसाच्या सर्टिफिकेटची मुदत संपली आणि त्याने ते वेळेवर बदललं नाही! नाहीतर कधी कळलं असतं कुणास ठाऊक.

म्हणून डीएनएसमध्ये सीएए रेकॉर्ड (तुमच्या डोमेनचं सर्टिफिकेट कोणी द्यायचं ते सांगणारी नोंद) टाका आणि त्यात अकाउंट-यूआरआय, म्हणजे तुमच्या खात्याचा पत्ता, पण द्या, म्हणजे फक्त तुमच्याच खात्यातून सर्टिफिकेट निघेल. डीएनएस दुसऱ्या कंपनीकडे ठेवा, डीएनएसच्या उत्तरांवर सही करणारं डीएनएससेक चालू करा, आणि सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सीच्या लॉगवर (निघालेल्या सर्टिफिकेटांची जाहीर नोंदवही) अलर्ट लावा, तुम्ही न काढलेलं सर्टिफिकेट दिसलं की मेल येतो.

अर्धवट_अ‍ॅडमिन

अपडेट. एजंट काढला, ती ओळ उडवली, कीज सगळ्या बदलल्या. हिशेब घरच्या जुन्या डेस्कटॉपवर आणले, सर्व्हरवर आता फक्त अपलोडचा फॉर्म आणि एजने बंद केलेल्या फाइली, लक्सवाला नवीन व्हीएम पुढच्या आठवड्यात. जुना व्हीएम डिलीट करताना स्नॅपशॉटपण उडवा म्हणून तिकीट टाकणार आहे, खरंच उडवले की नाही ते देव जाणे.

आज सकाळी सपोर्टचा मेल आला, "तुमच्या सर्व्हरवरचा एजंट प्रतिसाद देत नाहीये, आम्ही चालू करून देऊ का, रूटचा पासवर्ड पाठवा."

बिनकामाचा_बॅश

निदान आता विचारतायत तरी 😂

कर्नल_पॅनिक

पाठवू नका.