अँटिबॉडीवाली रिंग खरंच कुठं मिळती का? एका बाईसाठी विचारतेय

शिरोलीची_ताई:
नमस्कार, मी एमआयडीसी भागात ट्रक ड्रायव्हरांच्या घरी जाऊन गुप्तरोग, एचआयव्हीची माहिती सांगते. परवा एक बाई म्हणली, ताई नवरा पंधरा-पंधरा दिवस लाईनवर असतोय, निरोधचं नाव काढलं की माझ्यावरच संशय घेतोय, आमच्या हातात काय हाय का? माझ्याकडं उत्तर नव्हतं, लई वाईट वाटलं. मोबाईलवर वाचलं की अँटिबॉडी, म्हणजे रोगाच्या जंतूला अडवणारा पदार्थ, भरलेली रिंग बाईनं योनीत बसवायची आणि रिंग तो हळूहळू सोडत राहते. मिळती का? आणि मग सरळ गोळीच का काढत नाहीत?

बायोटेकवाला_कोल्हापूर:
ताई, अजून बाजारात नाही, प्रयोगातच आहे. गोळी होत नाही कारण अँटिबॉडी म्हणजे प्रोटीन, पोटात गेलं की मटण पचतं तसं पचून जाणार. म्हणून जंतू शिरतो तिथंच ती ठेवायची, योनीतल्या चिकट स्रावात ती जंतूला धरून ठेवते, आतल्या पेशींपर्यंत पोचू देत नाही. पण अंगातल्या उष्णतेत, ओलाव्यात प्रोटीन आठवडेच्या आठवडे न बिघडता टिकवायचं, वर रोज बेताबेतानं सोडायचं, हे अवघड आणि महागडं काम आहे. एचआयव्ही आणि हर्पिस (फोड येणारा गुप्तरोग) दोन्हीवरच्या अँटिबॉडी योनीत ठेवायच्या एकाच विरघळणाऱ्या पातळ फिल्ममध्ये घालून अमेरिकेत छोटी चाचणी झालीय. सलाईनमधून दर 8 आठवड्यांनी व्हीआरसी01 नावाची एचआयव्हीवरची अँटिबॉडी देऊन मोठ्या चाचण्याही झाल्या, 2021 ला निकाल आला, एकूण लागण काही कमी झाली नाही, पण त्या अँटिबॉडीपुढं नरम पडणाऱ्या विषाणूंपासून सुमारे 75 टक्के संरक्षण मिळालं. म्हणजे एकीनं भागत नाही, दोन-तीन मिळून द्याव्या लागणार. मला तरी यात खरी आशा दिसते.

रिटायर_सिस्टर:
तू वाचलीस ती बहुतेक डॅपिव्हिरिनची रिंग असणार बाळ. सिलिकॉनची, 28 दिवस चालती, बाईनं स्वतःच बसवायची. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 ला शिफारस केली, आफ्रिकेतल्या काही देशांत मंजूर आहे. पण ते औषध आहे, अँटिबॉडी नव्हं, आणि फक्त एचआयव्हीसाठी, गरमी-परमा त्यानं थांबत नाही.
त्या बाईला आज काय सांगायचं ते महत्त्वाचं. नवऱ्याला रोगाचं बोलूच नको म्हणावं, पाळणा लांबवायचाय म्हणून निरोध वापरू म्हणावं, यानं बरीच घरं मानलेली मी बघितलीत. अंगावरनं पांढरं जास्त जातंय, फोड, जळजळ असली तर कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी दवाखान्यात गुप्तरोगाच्या सुरक्षा क्लिनिकला पाठव, औषध फुकट, आणि गुप्तरोग निघाला तर नवऱ्यालाही औषध पाहिजेच नाहीतर परत लागण होती. एचआयव्हीचा धोका वाटला तर संबंधानंतर 72 तासांच्या आत डॉक्टर गाठायचा, लागण टाळायला 28 दिवसांच्या गोळ्या असतात. एचआयव्हीच्या मदतीचा 1097 फोन नंबर पण दे.

शिरोलीची_ताई:
72 तासांचं तिला कुणीच सांगितलं नव्हतं, सिस्टर. उद्याच जाते तिच्याकडं. ती एकटी यायला घाबरते, मी सोबत आत आले तर चालतंय का?

रिटायर_सिस्टर:
ती हो म्हणली तर चालतंय. फक्त तपासणीच्या वेळी तिला एकटीला बोलू दे, तेव्हाच बायका खरं सांगतात.