निळ्या आर्चटॉपच्या बाजूने

आर्चटॉपला, म्हणजे वरची फळी कमानदार असलेल्या गिटारला, सनबर्स्टच (मध्ये फिका, कडेला गडद होत जाणारा रंग) शोभतो, बाकी रंग म्हणजे थिल्लरपणा, हे मत मला पटत नाही. ग्रेच या गिटार कंपनीने १९५० च्या दशकातच पांढरी फाल्कन आणि नारिंगी ६१२० ही मॉडेलं काढली होती. पुढे गिटार कारागीर जिमी डी'अक्विस्टोंच्या निळ्या गिटारवर भाळून संग्राहक स्कॉट चिनेरींनी २२ कारागिरांकडून निळ्याच आर्चटॉप करवून घेतल्या.

रंग पारदर्शक असेल तर मेपल लाकडातले पट्टे उलट उठून दिसतात. इथे नाशिकला मित्राची निळी गिटार गॅलरीतल्या उन्हात तिरकी धरली, तर पाठ येवल्याच्या धूपछाव पैठणीसारखी हलली. एक पट्टा काळपट, शेजारचा मोरपंखी, हात वळला की अदलाबदल. कितीतरी वेळ वाजवायचं सोडून नुसती फिरवत बसलो. जाड, अपारदर्शक रंगाखाली हे सगळं बुडतं, तेवढं मान्य.