घरोघर नळ आले म्हणे, आता खेड्यांनी गप्प बसावं!

मातीची घागर (धागा सुरू करणारी)
परवा इथल्याच एका सभासदाने लिहिलं की केंद्राच्या जलजीवन योजनेतून खेड्यात घरोघर फुकट नळ गेले, आता टंचाईचं रडगाणं बंद करा. पाणीपट्टी भरून आठ-आठ दिवस वाट बघणारे खरे दुष्काळग्रस्त म्हणजे संभाजीनगरकर, असं त्याचं म्हणणं. दोन ओळींत उत्तर देऊन सोडणार होते, पण डोकं काही थंड होईना.

नळ आहे, नाही कोण म्हणतंय? आमच्या दारात सिमेंटच्या ठोकळ्यात पाईप उभा आहे. टाकी झाली, रस्ता फोडला तो तसाच ठेवून गुत्तेदार गेला, आणि ज्या विहिरीतून पाणी यायचं तिचा तळ फेब्रुवारीतच दिसायला लागतो. यादीत मात्र आमचं घर 'जोडणी पूर्ण'. 15 ऑगस्ट 2019 ला योजना जाहीर झाली तेव्हा 2024 पर्यंत प्रत्येक घरी माणशी रोज 55 लिटर म्हणाले होते. 2025 च्या बजेटात मुदत गेली 2028 वर. मोठ्या शहराची योजना आखताना माणशी 135 लिटर धरतात. म्हणजे आमची तहान कागदावरच निम्म्याच्या आत! तुम्हाला आठ दिवसांनी का होईना, पाणी येतं. इथं एप्रिलपासून सासूबाई टँकरच्या हॉर्नकडं कान लावून बसतात. टँकर विहिरीत रिकामा होतो, मग पोहऱ्यांची झुंबड. ते गाळाचं पाणी तुरटी फिरवून प्यायचं. फुकट आहे ना!

सिडकोकर
तो सभासद मीच, ताई. आता आमचंही ऐका. जायकवाडी धरणाचा नाथसागर पन्नासेक किलोमीटरवर, आणि शहर कोरडं. जुन्या पाईपलाईनी 1975 आणि 1991 च्या. नवीन योजना 1680 कोटींची, डिसेंबर 2020 ला भूमिपूजन, पुढं खर्च 2740 कोटींवर गेला. 2022 मध्ये वर्षाची पाणीपट्टी 4050 रुपयांवरून 2025 रुपये केली तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. पाणी तर आधीच निम्म्याच्या खाली होतं. सप्टेंबर 2025 मध्ये धरणाचे दरवाजे उघडून पाणी सोडलं, गोदाकाठ बुडाला, आणि माझी बायको घरी टँकरवाल्याला फोन लावत होती. तुमच्याकडं पाणीच नाही, हे समजतं. आमच्याकडं धरण भरूनही पाणी नाही, हे कोणाला सांगायचं?

गंजगोलाई
दोघांनीही लातूरकरासमोर तहानेच्या गप्पा मारू नयेत. एप्रिल 2016, मिरजेहून पाण्याची रेल्वे. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, 5 लाख लिटर. देशभरातले कॅमेरे स्टेशनवर, आणि पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदीचं 144 कलम. मांजरा धरणात खेळता येईल इतकी जमीन उघडी पडली होती. आणि तेव्हाही आजूबाजूला काय हिरवं होतं ते मी सांगत नाही.

रामराम_पाटील
सांगा की, ऊस. हेच सांगायचं होतं ना? सोयाबीन हमीभावाच्या खाली विकलं तेव्हा कुठं होते तुमचे कॅमेरे? कारखाना निदान ऊस घेतो तरी. संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या दारू कारखान्यांचं पाणी कमी करा, असा हुकूम 2016 ला हायकोर्टाला द्यावा लागला, त्यावर बोला.

गंजगोलाई
बोललो असतो, पण तुम्ही ठिबक न लावता पाटाने पाणी सोडता, त्याचं काय?

रामराम_पाटील
माझ्या शेतात आला होतात का बघायला?

शिक्षिका परभणी
उसात शिरलात, आता बाहेर येणं नाही. मूळ मुद्दा पिण्याच्या पाण्याचा आहे ना? मग खरं बोला, आपण सगळे जारचं पितो. नळाचं वापरायला, जारचं प्यायला. माझ्या पुतण्याला कावीळ झाली, डॉक्टरांनी पहिलं विचारलं, जार कुठला? वीस लिटरचा गार जार, बूच उघडं, भरणाऱ्याचा हात आत. कसलं ते पाणी गाळायचं आरो मशीन न् कसलं काय.

आरोवाला
मॅडम, माझा प्लांट आहे. बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, 1200, मी 80 वर आणून देतो. मशीन लावून दाखवतो गिऱ्हाईकाला. दहा रुपयात अजून काय पाहिजे?

शिक्षिका परभणी
टीडीएसच्या मशीनला जंतू दिसत नाहीत हो! क्षार मोजलेत, बाकी? आणि सीलबंद बाटलीला जे नियम लागतात ते या सुट्या जारला कोण लावतं? वर एक जार भरताना किती पाणी नालीत जातं तेही सांगा. उन्हाळ्यात शेजारच्या बोअर तुमच्यामुळं आटतात.

आरोवाला
आटतात तर आटतात! नालीत जातं म्हणता, मग नांदेड जिल्ह्यात किनवटकडं जाऊन बघा. फ्लोराईडनं दात पिवळे, हाडं वाकलेली माणसं. फ्लोराईड उकळून जात नाही, तुरटी फिरवून जात नाही, माझ्यासारख्याच्या मशीननं जातं. शाळेत हे शिकवता का?

शिक्षिका परभणी
शिकवते. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की पाणी पिऊ नये, हेही शिकवते. चला, फ्लोराईडपुरतं तुमचं बरोबर. बोअर आठशे फुटांवर नेऊन विष वर काढायचं आणि ते गाळायचे दहा रुपये घ्यायचे. मोठीच समाजसेवा.

आरोवाला
बोअर मी एकट्यानं पाडल्या का? तुमच्या बिल्डिंगमध्ये किती आहेत मोजा आधी.

मातीची घागर
जारचं भांडण वेगळ्या धाग्यावर न्या बरं. आमच्या गावात जारची गाडी येते ती ज्यांच्याकडं रोजचे दहा रुपये आहेत त्यांच्या दारात. रोजगारावर जाणारी बाई त्याच विहिरीचं पिते. सिडकोकर, त्यावर काय म्हणणं?

सिडकोकर
मान्य. तुमचं जास्त वाईट आहे. खूश? पण पाण्याचा स्रोत न बघता टाकी मंजूर झालीच कशी, हे ग्रामसभेत विचारलंत का?

मातीची घागर
विचारलं. सरपंच म्हणाले, बिल निघालंय. तुम्ही नगरसेवकाला विचारलंत का, धरण भरून पाणी का नाही ते?

सिडकोकर
कोणाला? एप्रिल 2020 ला नगरसेवकांची मुदत संपली, पुढं पाच वर्षांहून जास्त काळ महापालिकेत प्रशासक. सगळी योजना रखडली ती याच काळात. दार वाजवायला नगरसेवकच नव्हता.

मातीची घागर
अरेरे. मग घ्या, एक गुण तुमचा. आमच्याकडं निदान शिव्या घालायला सरपंच होता.